हेडसेट कुणाच्या डोक्यावर? तीन गावांतल्या टीमचं आभासी मॉक ड्रिल

प्रश्न थोडक्यात असा. रसायनांचा कारखाना, एक युनिट रायगड जिल्ह्यात, दुसरं गुजरातेत दहेजला, आणि तांत्रिक मंडळी नवी मुंबईच्या ऑफिसात. दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावंच लागतं, पण ते जिथल्या तिथे होतं आणि तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक असते. आता एका व्हेंडरने सुचवलंय की प्लांटची थ्रीडी प्रतिकृती करू, तिन्ही ठिकाणचे लोक हेडसेट (आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर बांधायचा पडदा) घालून त्याच एका आभासी प्लांटमध्ये येतील आणि टोनर शेडमधली (टोनर म्हणजे वायूचं मोठं सिलिंडर) गळती मिळून हाताळतील. विचारणाऱ्या सेफ्टी मॅनेजर बाईंच्या दोन शंका आहेत: अशाने टीम खरोखर तयार होते की नुसता गेम होतो? आणि बाहुली होऊन आलेली माणसं खऱ्यासारखी वागतात का?

मी नऊ वर्षं प्लांटमध्ये काढली, त्यातली शेवटची चार शिफ्ट इनचार्ज म्हणून. त्यानंतरची बारा वर्षं अशी ड्रिल्स बसवण्यात गेली. दुसरी शंका आधी घेतो, कारण पहिलीचं उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे.

वागतात. अगदी खऱ्यासारखी वागतात. पंप हाउसच्या दारातून दोन अवतार, म्हणजे या बाहुल्या, एकदम आत जायला निघाले की एक जण मागे सरतो आणि म्हणतो, "या या, तुम्ही व्हा पुढे." आरपार जाता येतं हे दोघांनाही माहीत असतं. तरी पाय अडतो, आणि चुकून आरपार गेलाच तर तोंडातून "सॉरी" निघतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. नंतर लक्षात आलं की दाराशी थांबणारी ही माणसं साहेबांसमोर गप्प बसण्याची सवयही सोबत घेऊनच आत आली आहेत.

आणि त्या सवयींमध्ये यंत्र स्वतःची भर घालतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. तीन-तीन माणसांचे गट, काम एका आभासी खोलीत, भिंतींवर कागद आणि कागदांवर कोडी. तिघांपैकी एकाच्या डोक्यावर हेडसेट, बाकी दोघं साध्या स्क्रीनसमोर. पुढारपण हेडसेटवाल्याकडे झुकलं. मग त्याच तिघांना खऱ्याखुऱ्या खोलीत नेऊन तेच काम पुढे करायला लावलं, तेव्हा हेडसेटवाल्याचं ते पुढारपण टिकलं नाही.

मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडे रोज तेच दिसतं. हेडसेटवाला मान वळवली की खोली बघतो, हात करून दाखवतो, दोन पावलं टाकून वाकून बघतो. स्क्रीनवाला तेवढ्या वेळात बाणाची की दाबून भिंतीत अडकलेला असतो. हळूहळू तो "तुम्ही सांगा, मी करतो" अशा भूमिकेत जातो. स्वभावाचा यात काही संबंध नसतो.

म्हणून व्हेंडरच्या कोटेशनमध्ये मी सर्वात आधी कोणती ओळ बघतो? हेडसेट किती आणि कुठे. बहुतेक वेळा नवी मुंबईला सहा आणि प्रत्येक युनिटला एखाद-दुसरा, बाकीच्यांनी लॅपटॉपवरून यावं, अशी वाटणी असते. ऑफिसात वायफाय चांगलं असतं, डेमोही तिथेच झालेला असतो आणि सही करणारे साहेबही तिथेच बसतात. अशा वाटणीने ड्रिल केलं तर ऑफिसची मंडळी पुढे आणि प्लांटची मंडळी मागे दिसणार, आणि शेवटी अहवालात लिहिलं जाणार की "मध्यवर्ती टीमचं नेतृत्व उत्तम". ते नेतृत्व हेडसेटचं होतं. एकतर सगळ्यांना हेडसेट द्या, नाहीतर सगळ्यांना लॅपटॉप द्या. हात आखडता असेल तर हेडसेट फील्ड ऑपरेटरना द्या आणि पॅनलवाल्याला स्क्रीनसमोरच बसू द्या. तो खऱ्या आयुष्यातही कंट्रोल रूममध्ये डीसीएसच्या, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणकाच्या, स्क्रीनसमोरच बसतो.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगतो, कारण या कामातलं माझं बरंचसं मत त्यावरून बनलं. ड्रिल क्लोरीनचं होतं. टोनरच्या व्हॉल्व्हला गळती, दोन फील्ड ऑपरेटर, एक पॅनलवाला आणि इन्सिडेंट कंट्रोलर म्हणून एक अनुभवी, आवाजात वजन असलेले साहेब. आम्ही मुद्दाम सगळ्या अवतारांना एकाच रंगाची हेल्मेटं दिली होती. कारखान्यात हेल्मेटचा रंग म्हणजे हुद्दा. पांढरं दिसलं की आपोआप बाजूला सरकायचं. तो रंगच काढून टाकला तर लोक मोकळे बोलतील, असा आमचा हिशोब.

साहेबांनी दोघांना उत्तरेच्या रस्त्याने टोनर शेडकडे जायला सांगितलं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. तो जमिनीलगत, गटारीगटारीने वाऱ्याच्या दिशेने सरकतो. आणि वारा त्याच रस्त्यावर येत होता, हे विंडसॉकवर, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर, दिसत होतं. नवीन पोरगा, नोकरीला जेमतेम आठ महिने झालेला, रेडिओवर म्हणाला, "सर, विंडसॉक उलटा आहे. तिकडून नको." दोन सेकंद शांतता. मग साहेबांचा आवाज: "कोण बोलतंय?" पोराने नाव सांगितलं. आणि लगेच पुढे, "नाही सर, म्हणजे मला आपलं वाटलं." दोन्ही अवतार उत्तरेच्या रस्त्याने गॅसमध्ये गेले.

साहेब वाईट नव्हते. रेडिओवर कोण बोलतंय हे विचारायलाच हवं. पण एकाच रंगाच्या हेल्मेटांनी झाकलेला हुद्दा त्या दोन शब्दांनी उघडा पडला. नंतर बसून रेकॉर्डिंग ऐकताना साहेबांनीच हात वर करून मशीन थांबवायला लावलं आणि तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्या टीममध्ये रेडिओवर नाव घ्यायचं बंद झालं, आधी भूमिका, मग मुद्दा: "फील्ड टू. विंडसॉक उलटा."

पुढचं सांगायला मला फारसं आवडत नाही. तो पोरगा चार महिन्यांनी प्रत्यक्ष ड्रिलमध्ये बोलला का? नाही बोलला. खरा प्लांट, खरं पांढरं हेल्मेट, समोर खरे साहेब, आणि हा गप्प. लंडनच्या प्रयोगातही दुसऱ्या खोलीत नेमकं हेच झालं होतं: आभासी जागेत मिळालेली जागा माणसाबरोबर आपोआप बाहेर आली नाही. फरक पडला तो त्याच्याही पुढच्या खेपेला, आणि तो साहेबांमुळे. त्यांनी प्रत्येक हुकमाच्या शेवटी एक वाक्य जोडायला सुरुवात केली: "कुणाला काही उलट दिसतंय का?" हे वाक्य ते आभासी ड्रिलमध्ये दहा-बारा वेळा बोलून बोलून तोंडात बसवून आले होते. पोराची हिंमत हेडसेटमधून बाहेर आली नाही, पण साहेबांचं वाक्य आलं. म्हणून आता मी धीर, आत्मविश्वास, संघभावना असल्या गोष्टी शिकवण्याच्या फंदात पडत नाही. ठरावीक जागी ठरावीक माणसाने बोलायची वाक्यं बसवतो.

पहिल्या शंकेचं उत्तर इथे येतं. टीम तयार होते, पण प्रशिक्षण कशाचं होतंय हे ओळखून खर्च केला तर. ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत जॅक थॉर्प या हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून दार्पा या संस्थेने १९८३ मध्ये सिमनेट नावाचा प्रकल्प सुरू केला. रणगाड्यांचे सिम्युलेटर एकमेकांना जोडायचे आणि वेगवेगळ्या तळांवरच्या तुकड्यांनी एकाच आभासी रणभूमीवर लढायचं. १९९० पर्यंत असे अडीचशेच्या आसपास सिम्युलेटर झाले होते. त्या काळचं ग्राफिक्स म्हणजे आजच्या मोबाइल गेमपेक्षा ओबडधोबड. पण त्यांनी पैसा वाचवला कुठे ते बघण्यासारखं आहे. रणगाड्याच्या आत चौघं असतात: कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा, चालक. या चौघांना एकमेकांशी आणि शेजारच्या रणगाड्यांशी ताळमेळ ठेवायला जी बटणं, जे दांडे लागतात तेवढे खरे केले. बाकीची बटणं नुसती चित्रं. रणगाडा चालवता येतो हे गृहीत धरलेलं होतं; शिकायचं होतं ते एकत्र लढणं. या पद्धतीला ते सिलेक्टिव्ह फिडेलिटी म्हणत, म्हणजे निवडक हुबेहूबपणा.

व्हेंडरचे डेमो मी या नजरेने बघतो. पाइपावरचा गंज इतका हुबेहूब की बोट फिरवावंसं वाटतं. उन्हाची तिरीप टाकीवर कशी पडते, वा! आणि विंडसॉक? पोस्टरसारखा एकाच दिशेला ताठ. तुमच्या प्लांटमध्ये हुबेहूब काय हवं, तर विंडसॉक, व्हॉल्व्हचे टॅग नंबर, कुठून काय दिसतं आणि काय आड जातं, सायरनचा आवाज, असेंब्ली पॉइंटपर्यंतचं (आणीबाणीत सगळ्यांनी जमायच्या जागेपर्यंतचं) खरं अंतर, आणि रेडिओ. रंगरंगोटी पन्नास टक्के कमी केली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

रेडिओबद्दल अंमळ जास्त बोलतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. जवळजवळ प्रत्येक तयार सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची सोय ऑनलाइन मीटिंगसारखी असते: सगळ्यांचे माइक उघडे, जो पाहिजे तो मध्ये बोलतो. प्लांटमध्ये वॉकी-टॉकी असतो. बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही, एक बोलत असताना दुसऱ्याने दाबलं तर दोघांचं वाटोळं, आणि तोंडावर ब्रीदिंग सेटचा मास्क असला तर आवाज मडक्यातून आल्यासारखा. उघड्या माइकवर दहा ड्रिल्स केलेली टीम खऱ्या दिवशी एकमेकांच्या बोलण्यावर बोलते, कारण आपण त्यांना तेच शिकवलेलं असतं. बटण दाबून बोलण्याची सोय, वेगळे चॅनेल आणि मास्कचा घुसमटलेला आवाज, या तीन गोष्टी करारात लिहून घ्या. प्रोग्रामरला त्या दोन आठवड्यांत जमतात. व्हेंडर "फेज टू मध्ये करू" म्हणेल. नाही म्हणा.

त्यात तुमचा भाषेचा गुंता आहे. रायगडची पोरं मराठीत बोलणार, दहेजची गुजराती किंवा हिंदीत, ऑफिस इंग्रजीत. शांत असताना सगळे हिंदीवर येतात. घाई झाली की जो तो आपल्या मातृभाषेत घुसतो, आणि सर्वात आधी आकडे घसरतात. रेडिओच्या खरखरीत सात आणि साठ एकच ऐकू येतात, मराठी, हिंदी, गुजराती तिन्हींत. हिंदीतला उनतीस आणि मराठीतला एकोणतीस ऐकून दोन वेगवेगळ्या व्हॉल्व्हपाशी उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. आकडे सुटे बोलायचे: "व्हॉल्व्ह सहा-शून्य". आणि प्रत्येक हुकूम परत बोलून दाखवायचा. "टोनर दोन बंद कर." "टोनर दोन बंद करतोय." "टोनर दोन बंद झाला." "समजलं, टोनर दोन बंद." चार वाक्यं आहेत, आठ-दहा सेकंद जातात. सुरुवातीला सगळे कंटाळतात, दुसऱ्या ड्रिलला चेष्टा करतात, सहाव्याला मध्ये एखादं वाक्य गळालं की त्यांना स्वतःलाच चुकल्यासारखं होतं.

नेटवर्कबद्दल थोडंच. रायगड, दहेज, नवी मुंबई ही अंतरं फायबरला काहीच नाहीत. युरोपातलं एखादं मुख्यालय जोडायचं ठरलं तर मात्र हिशोब करा: फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटर जाऊन परत यायला ६५ मिलिसेकंद नुसते अंतरापोटी, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरून चालावं. तरीही हे चालण्यासारखं आहे. फोनवरच्या बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्रास देतं ते प्लांटमधलं वायफाय. लोखंडी स्ट्रक्चरच्या मधोमध, कंट्रोल रूमच्या जाड भिंतीआड.

आणि माणसं या उशिराचा दोष यंत्राला देत नाहीत, समोरच्याला देतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे तपासून दाखवलं: लाइनवर उशीर वाढवला की ऐकणाऱ्याला पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटू लागतो, आणि मुळात उशीर आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. आमच्या एका ड्रिलमध्ये अर्ध्या तासात तीनदा ऐकलं, "पलीकडचे झोपलेत काय?" पलीकडच्यांचं वायफाय अधूनमधून सव्वा सेकंद गिळत होतं. ड्रिलनंतर जेवताना दोन गटांची टेबलं वेगळी. एका राउटरने माणसांत तेढ लावली म्हणा ना. तेव्हापासून प्रत्येकाच्या नावाशेजारी उशिराचा आकडा दिसेल अशी सोय ठेवतो, आणि चर्चेच्या सुरुवातीलाच तो आलेख दाखवतो.

याच जातीचा दुसरा घोळ व्हॉल्व्हचा. दूरच्या माणसाचा अवतार तुम्हाला दिसतो तो खरं तर तुमच्या संगणकाचा अंदाज असतो. शेवटची माहिती आली तेव्हा तो या वेगाने या दिशेला चालला होता, म्हणजे आता इथे असेल. खरी माहिती आली की दुरुस्ती होते आणि अवतार छोटी उडी मारतो. सिमनेटच्या काळापासून हेच चालत आलंय, आणि चालण्यापुरतं ते ठीक आहे. पण दोन गावांतल्या दोन माणसांनी एकाच क्षणी एकच चाक धरलं तर? दोघांनाही आपापल्या स्क्रीनवर आपलाच हात चाकावर दिसतो. एकाने बंद केला, दुसऱ्याने उघडा समजून फिरवला, आणि नंतर दोघं शपथेवर सांगतात, "मीच बंद केला." वस्तूचा ताबा एका वेळी एकालाच मिळेल, आणि न मिळालेल्याला ते लगेच कळेल, हे बघून घ्या. नाहीतर तुमची निम्मी चर्चा सॉफ्टवेअरच्या भांडणात जाईल.

"गेम होतो का" याचं उत्तर: पहिली वीस मिनिटं होतोच, होऊ द्या. लोक टाकीवर चढतात, हेल्मेटं फेकतात, एकमेकांच्या डोक्यातून हात घालतात. ही वीस मिनिटं वेळापत्रकात धरा आणि त्या वेळात एकही सूचना देऊ नका. ती दाबली तर मस्ती ड्रिलच्या मधोमध बाहेर येते. मात्र एक नियम पहिल्या मिनिटापासून हवा. महिला इंजिनिअरच्या अवताराच्या अगदी तोंडाशी येऊन उभं राहणं ही मस्ती नाही. हेडसेटमध्ये ते अंगावर आल्यासारखंच लागतं. अशा तक्रारींनंतर मेटा कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या आभासी जगात अवतारांभोवती सुमारे चार फुटांचं कुंपण घातलं. आम्ही ते कुंपण लॉबीत, म्हणजे ड्रिलआधी जमायच्या आभासी जागेत, चालू ठेवतो आणि ड्रिलमध्ये काढतो, कारण बेशुद्ध माणसाला चार फुटांवरून उचलता येत नाही. आणि सगळ्या अवतारांची उंची एकच ठेवा. स्टॅनफर्डमधल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की उंच अवतार मिळालेला माणूस वाटाघाटीत जास्त ताठ वागतो. साहेबांना आणखी उंच करून आपलं काय भलं होणार आहे?

गेमपणाचा खरा धोका वेगळाच आहे: मरण फुकट असतं. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात एका राक्षसाच्या गुहेपुरती ठेवलेली संसर्गाची बाधा चुकून शहरांत पसरली. काही खेळाडू इतरांना बरं करायला धावले, काही पळाले, काहींनी ती मुद्दाम पसरवली. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी २००७ मध्ये द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेसमध्ये त्यावर लेख लिहिला. त्यावर घेण्यासारखी हरकत हीच, की तिथे मेलेला माणूस पुन्हा उठतो. आमच्याकडे त्याचं रूप म्हणजे मास्क न लावता गॅसमध्ये घुसणारा हिरो. लाल स्क्रीन, भेसूर आवाज, सगळं करून पाहिलं. त्याने हिरोगिरी आणखी वाढते. शेवटी लागू पडला तो कंटाळा. गॅसमध्ये सापडला की स्क्रीन करडा, आवाज बंद, आणि ड्रिल संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. बाकीच्यांना काहीच कळवायचं नाही. असेंब्ली पॉइंटवर हेडकाउंट घेताना एक माणूस कमी भरला तरच शोध सुरू होतो. एकदा एक जण चाळीस मिनिटं तसा बसला. हेडकाउंट घेणाऱ्याने त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती. त्यानंतर झालेली चर्चा कुठल्याही स्लाइडने झाली नसती.

त्या चर्चेबद्दल. वीस मिनिटांच्या ड्रिलला चाळीस मिनिटं चर्चा, हे प्रमाण मोडू नका. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान शत्रूचं समजून पाडलं, २९० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी नौदलाने दडपणाखाली टीम निर्णय कसे घेते यावर टॅडमस नावाचा मोठा संशोधन प्रकल्प चालवला. त्यातून आलेली आणि मी रोज वापरतो ती गोष्ट अशी: चर्चेत प्रशिक्षकाने चुका सांगायच्या नाहीत, टीमनेच स्वतःच्या शोधायच्या, आणि सुरुवात टीमच्या प्रमुखाने स्वतःच्या चुकीपासून करायची. प्रमुखाने "मी वारा बघितला नाही" म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत आणखी चार कबुल्या येतात. त्याने "एकंदर छान झालं" म्हटलं तर चहा मागवा आणि घरी जा. आभासी ड्रिलचा खरा फायदा इथे आहे, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय होतं ते परत दाखवता येतं. पॅनलवाल्याला फील्डवाल्याच्या नजरेतून तोच मिनिट बघायला लावा.

आता तुमच्या प्रसंगाची निवड. व्हेंडरने दाखवलेली टोनर शेडची गळती तुमच्या कामाची नाही. ती रायगडची टीम एकटी हाताळू शकते. दहेज आणि नवी मुंबई नुसती बघत राहतील. तीन ठिकाणं जोडायची तर काम असं हवं की तिन्हींपैकी कुणा एकाकडे पूर्ण माहिती नाही. पायपर अल्फा आठवा. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या त्या तेलमंचावर आग लागली, १६७ माणसं मेली. पाइपलाइनने जोडलेले क्लेमोर आणि टार्टन हे शेजारचे मंच ती आग बघत असूनही तेल सोडतच राहिले होते, कारण बंद करायचं कुणी आणि कुणाला विचारून, हे त्या घडीला वेळेत ठरलं नाही.

तुमच्यासाठी मी असं काही लिहीन. दहेजहून निघालेला टँकर रायगडच्या गेटपासून दोन किलोमीटरवर रस्त्यात गळतोय. ट्रेम कार्ड (मालाचे धोके आणि गळतीत काय करायचं ते लिहिलेला कागद) ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर घाबरून पळालाय. लोडिंगचे कागद, सीलचे नंबर आणि व्हॉल्व्हची माहिती दहेजला. अंगावर सेट चढवून तिथे जाणारी पोरं रायगडची. जिल्हा प्रशासनाला आणि मार्गमधल्या (आपत्तीत एकमेकांना मदत करणाऱ्या कारखान्यांच्या गटातल्या) शेजारच्या कारखान्यांना कळवण्याचा निर्णय नवी मुंबईत. मध्येच दहेजच्या लोडिंग बेला दुसरा तसाच टँकर उभा असल्याचं कळतं; तो थांबवायचा का, आणि कुणी? ही पहिली फेरी हेडसेटशिवाय घ्या. नकाशा, लॅपटॉप आणि वॉकी-टॉकीची नक्कल पुरते. तीन फेऱ्यांत कळेल की अडतं कुठे, आणि थ्रीडीत नेमकं काय बांधायला हवं. पुढे गेल्या एक-दोन वर्षांतली तुमची एखादी खरी नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, घ्या. इराकमधल्या २६ फेब्रुवारी १९९१ च्या ७३ ईस्टिंगच्या रणगाडा लढाईत जे होते त्यांना विचारून विचारून ती सिम्युलेशनमध्ये पुन्हा उभी केली होती. तुमची नियर मिस त्या मानाने किरकोळ काम आहे.

सहामाही प्रत्यक्ष ड्रिल यामुळे सुटणार नाही, सोडूही नका. ब्रीदिंग सेटचं पाठीवरचं वजन, घामाने धुरकटलेली काच, सिलिंडर संपत आल्याची शिट्टी, यातलं काहीही हेडसेट देत नाही. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांवर कुणाला हेडसेटमध्ये ठेवू नका. मळमळ होणारे निघतातच, आणि ते सगळ्यांसमोर सांगायला लाजतात.

राहिलं रेकॉर्डिंग. ते कुठे ठेवायचं आणि कुणी बघायचं हे पहिल्या ड्रिलच्या आधी कागदावर घ्या: टीम आणि प्रशिक्षक, बस्स. वार्षिक मूल्यमापनासाठी मागणी येईल, एचआरकडून गोड शब्दांत येईल. एका कारखान्यात आमच्या नकळत ती पुरी झाली. एका ऑपरेटरला त्याच्या अप्रेझलमध्ये त्याचाच आवाज ऐकवला. पुढच्या ड्रिलला आम्ही गेलो तेव्हा पंचवीस मिनिटं रेडिओवर एकच वाक्य येत होतं, "ओके सर."